आधी शिस्त, मग उड्डाण



बराकपूरला सकाळ फार लवकर होते. मे महिन्यात पाचच्या आधीच उजाडलेलं असतं आणि साताऱ्याकडची माझी माणसं तेव्हा गाढ झोपेत असतात. हुगळी जवळ, त्यामुळे हवा इतकी दमट की ओव्हरऑल अंगात घालतानाच पाठीला चिकटतो. अशाच एका सकाळी ड्यूटीवर निघताना फोन पाहिला, तर रात्री उशिरा भाचीचा मेसेज येऊन पडलेला. पोरगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, एअरफोर्सची परीक्षा द्यायची म्हणते. विचारलं होतं, "मामा, पायलट कॉकपिटमध्ये बसला की सगळ्यात पहिल्यांदा काय करतो?"

मी लिहिलं, "सीट लावतो."

तिला वाटलं मामा चेष्टा करतोय. तिला इंजिन, रेडिओ, निदान एखादं लाल बटण तरी अपेक्षित होतं. मग तिला फोनवर समजावता समजावता लक्षात आलं, की हा विषय आपण कधी नीट लिहिलाच नाही. नोकरीची एवढी वर्षं एअरफ्रेम फिटर म्हणून काढली, किती वैमानिकांचे पट्टे आवळले याचा हिशेब नाही, आणि तरी सीटबद्दल चार ओळीसुद्धा नाहीत. म्हणून आज लिहितोय. नेहमीचे वाचक जाणतातच, की युनिटचं, मशीनचं, रोजच्या कामाचं मी इथं काही लिहीत नाही. खाली जे आहे ते कुठल्याही विमानाला, कुठल्याही तळावर लागू पडणारं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. फौजेत, आणि एकूणच आपल्या देशात, माणसाला सांगितलं जातं, "ॲडजस्ट करो." गाडीत जागा नाही, ॲडजस्ट करो. बूट एक नंबर मोठा आहे, ॲडजस्ट करो. कॉकपिट ही एक अशी जागा आहे जिथं हे वाक्य चालत नाही. तिथं सीटनं ॲडजस्ट व्हायचं असतं, माणसानं नाही. आणि जो वैमानिक, जो ड्रायव्हर, जो जवान भिडेखातर किंवा घाईखातर दुसऱ्याच्या सीटवर तसाच बसून कामाला लागतो, तो धाडस करत नसतो, नुकसान करत असतो.

आता हे का, ते सांगतो.

जुन्या फौजींना फायरिंग रेंज आठवत असेल. उस्ताद मागून ओरडायचे, "शिस्त लो!" मराठीत शिस्त म्हणजे वळण, कायदा. पण रेंजवरच्या हिंदीत शिस्त म्हणजे नेम. बॅकसाइट, फोरसाइट आणि टार्गेट एका रेषेत, आणि त्या रेषेच्या या टोकाला तुमचा डोळा. डोळा अर्धा बोट हलला की गोळी दुसऱ्याच्या टार्गेटवर. म्हणून तर गाल बटावर रोज एकाच जागी टेकवायला शिकवतात.

बराकपूरहून लोकलनं उत्तरेला निघालं की आधी पालता आणि मग इच्छापूर लागतं. तिथल्या रायफल फॅक्टरीत एके काळी ली-एनफिल्ड बनायची. या रायफलीचं एक वैशिष्ट्य नव्या पोरांना माहीत नसतं. तिचे लाकडी बट चार लांबींचे असायचे. नॉर्मल, लाँग, शॉर्ट आणि अगदी लहान चणीच्या जवानासाठी बँटम. आखूड हाताच्या माणसाला लांब बट दिला तर त्याचा डोळा साइटच्या मागे नीट येणारच नाही, हे शंभर वर्षांपूर्वी रायफल बनवणाऱ्यांना कळलेलं होतं. साधी गोष्ट आहे. माणूस बदलता येत नाही, बट बदलता येतो.

विमानाची सीट म्हणजे वैमानिकाचा बट.

विमान बनवताना डिझाइन करणारा कॉकपिटमध्ये हवेत एक बिंदू ठरवतो. वैमानिकाचा डोळा इथं असेल, असं धरून तो बाकी सगळं मांडतो. समोरची काच किती खाली उतरवायची, डॅशबोर्डचं वरचं छप्पर कुठं संपवायचं, कुठलं घड्याळ कुठं लावायचं, हे सगळं त्या बिंदूवरून ठरतं. त्याला आय पॉइंट म्हणू. डोळा तिथं असेल तर वैमानिकाला बाहेरची जमीन आणि आतली घड्याळं दोन्ही पुरेशी दिसतात. खाली बसला तर नाकापुढची जमीन झाकली जाते. फार वर बसला तर जमीन भरपूर दिसते, पण वरची घड्याळं छपराखाली जातात आणि हेल्मेट वर टेकायला लागतं.

एअरबसच्या प्रवासी विमानात यासाठी एक सोपी युक्ती आहे. दोन्ही वैमानिकांच्या मधल्या खांबावर तीन छोटे गोळे बसवलेले असतात, दोन पांढरे आणि एक लाल. सीट वरखाली, पुढेमागे करत राहायचं. लाल गोळा पांढऱ्याच्या मागे बरोबर झाकला गेला की डोळा जागेवर आला. आपली बॅकसाइट-फोरसाइटच ती, फक्त इथं नेम दुसऱ्यावर धरायचा नसून स्वतःचा डोळा जागेवर आणायचा. बोइंगमध्ये गोळे नसतात. तिथं डॅशबोर्डच्या छपराच्या पातळीवरून नजर पुढे टाकून उंची ठरवायला शिकवतात. आमच्या मी-१७ सारख्या हेलिकॉप्टरमध्येही गोळे नाहीत. सीट वरखाली होते, पुढेमागे सरकते, पायाचे पेडल पुढेमागे होतात. बाकी वैमानिकाची सवय आणि शिस्त.

क्रमही ठरलेला आहे. आधी उंची, म्हणजे डोळा. मग पुढेमागे. मग पेडल, ते असे की पाठ सीटला टेकलेली असताना पाय पूर्ण दाबला जावा. मग काठी चारी बाजूंना पूर्ण फिरवून बघायची, मांडीला कुठं अडत नाही ना. मग पट्टे. आणि शेवटी, जे सगळ्यात जास्त विसरलं जातं ते, बसल्या जागी पुढेमागे जोर देऊन सीट लॉक झाली आहे याची खात्री. पट्टे आवळून मग सीट वर घेतली तर पट्टे पुन्हा ढिले-घट्ट होतात. आधी पेडल लावून मग उंची बदलली तर पेडल पुन्हा लावावे लागतात. म्हणून डोळा पहिला.

"पाच सेंटिमीटरनं काय फरक पडतो?" असं विचारणारे भेटतात. त्यांच्यासाठी पाटीवरचं गणित.

हेलिकॉप्टर उतरवताना वैमानिक समोरच्या काचेवर हेलिपॅडचं चित्र एका ठरावीक जागी धरून ठेवतो. चित्र वर सरकलं किंवा खाली गेलं की त्याला कळतं, उतार बिघडला. समजा हेलिपॅड ५०० मीटरवर आहे आणि त्याला ८ अंशांच्या उतारानं यायचं आहे. म्हणजे त्या क्षणी उंची सुमारे ७० मीटर हवी. आता समजा त्याच्या डोळ्यापासून काच ८० सेंटिमीटरवर आहे आणि आज सीट रोजच्यापेक्षा ५ सेंटिमीटर खाली राहिली आहे. काचेवरच्या त्याच रोजच्या जागी त्यानं हेलिपॅड धरलं, तर नजरेची रेषा साडेतीन अंशांनी सपाट झाली. उतार ८ चा साडेचार झाला, आणि उंची ७० मीटरची ४० मीटर. हातातलं कसब तेच, अनुभव तोच, आणि तरी दहा मजली इमारतीएवढं खाली. मैदानावर हे चालून जातं, कारण वैमानिक वेळीच सावरतो. पण डोंगरात, झाडांच्या शेंड्यांवरून, विजेच्या तारांवरून, पावसात, संध्याकाळी? तिथं सावरायला जागा किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

प्रवासी विमानाचंही तसंच. हिवाळ्यात इथून जवळच दमदमला धुकं उतरतं. धुक्यात २०० फुटांवर येईपर्यंत धावपट्टीचे दिवे दिसले नाहीत तर साधारणपणे वैमानिकाला परत वर जावं लागतं. डोळा छपराच्या कडेच्या एक मीटर मागे आहे असं धरलं, तर एक इंच खाली बसल्यानं नाकाखालची आणखी वीस-पंचवीस मीटर जमीन झाकली जाते. धावपट्टीच्या अलीकडच्या दिव्यांच्या ओळी तीस तीस मीटरवर असतात. म्हणजे एका इंचात जवळजवळ एक ओळ गेली. धुक्यात मुळात दिसणारच चार-पाच ओळी, त्यातली एक आपण सीटच्या आळसापायी घालवायची.

यावर जुने लोक म्हणतात, आणि माझ्या ओळखीचे एक निवृत्त पायलट साहेब तर ठासून म्हणतात, "अरे, हेलिकॉप्टरवाला काय पुतळ्यासारखा बसतो का? तो वाकतो, बाजूच्या फुगीर खिडकीतून मान बाहेर काढतो, नाकाच्या खालच्या काचेतून बघतो. त्याला कसला आलाय आय पॉइंट?"

मुद्दा खरा आहे. मी स्वतः बघितलंय, अवघड जागी उतरताना वैमानिकाचं डोकं सारखं हलत असतं. पण माझं उत्तर असं, की वाकल्यावर तो परत कुठं येतो? ठरलेली जागा असेल तर वाकून बघितलेलं आणि सरळ बसून बघितलेलं यांची सांगड मेंदू घालतो. जागाच रोज वेगळी असेल तर प्रत्येक वेळी मेंदूला नव्यानं हिशेब करावा लागतो, आणि तोही नेमका अशा वेळी जेव्हा त्याला दुसरी शंभर कामं आहेत. रेंजवरसुद्धा आपण मान उचलून टार्गेट बघतोच की. पण गाल परत त्याच जागी टेकतो, म्हणून दुसरी गोळी पहिलीच्या शेजारी लागते.

आता सीटचा दुसरा भाग, जो आम्हा फिटर लोकांच्या अंगावर येतो. सीट जागेवर राहिली पाहिजे.

२०१० च्या मे महिन्यातली गोष्ट पुणेकरांना आठवत असेल. मंगळुरूच्या अपघाताला जेमतेम तीन-चार दिवस झाले होते. दुबईहून पुण्याला येणारं एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग ७३७ वर शांतपणे चाललं होतं. कॅप्टन टॉयलेटला गेले होते. सहवैमानिक आपली सीट पुढे घेत होता, आणि घेताना त्याच्याकडून समोरची काठी पुढे दाबली गेली. विमानानं नाक खाली घातलं आणि सुमारे ७,००० फूट खाली आलं. तरुण सहवैमानिक इतका गोंधळला की त्यानं दारही उघडलं नाही. कॅप्टननी आणीबाणीचा कोड वापरून दार उघडलं, आत आले आणि विमान सावरलं. शंभराहून जास्त माणसं पुण्यात सुखरूप उतरली. नागरी उड्डाण महासंचालनालयाच्या अहवालात कारण म्हणून आलं ते हेच, सीट सरकवणं.

चार वर्षांनी, ९ फेब्रुवारी २०१४ ला, ब्रिटिश हवाई दलाचं व्हॉयेजर विमान जवानांना घेऊन अफगाणिस्तानकडे निघालं होतं. कॅप्टनचा स्वतःचा कॅमेरा हाताच्या टेकूच्या आणि छोट्या काठीच्या मधे ठेवलेला होता. कॅप्टननी सीट पुढे घेतली, कॅमेरा काठीला अडकला, काठी पुढे ढकलली गेली. २७ सेकंदांत ४,४०० फूट. पट्टा न बांधलेले जवान छताला जाऊन आपटले. आणि अगदी अलीकडे, ११ मार्च २०२४ ला, सिडनीहून ऑकलंडला जाणारं लॅटामचं बोइंग ७८७ अचानक खाली गेलं, पन्नासेक माणसं जखमी झाली. प्राथमिक चौकशीत आलं की कॅप्टनची सीट त्यांनी न सरकवता आपोआप पुढे गेली होती.

तीन देश, तीन विमानं, आणि तिन्हीत इंजिन ठणठणीत.

लहान विमानांत धोका उलट बाजूचा. सेस्नाची सीट रुळावर सरकते आणि एक पिन भोकात बसून ती धरून ठेवते. भोकं झिजली, पिन अर्धवट बसली, की उड्डाण करताना नाक वर होतं आणि सीट सुर्रकन मागे जाते. माणूस घाबरून हातात असेल ते पकडतो, आणि हातात असते काठी. ती मागे ओढली जाते, नाक आणखी वर जातं. अमेरिकेत १९८७ पासून या रुळांची नियमित तपासणी सक्तीची आहे, ती उगाच नाही.

आता स्वतःबद्दल एक कबुली. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका तळावर, मी कॉर्पोरल होतो. सीटचे रूळ साफ करून, पिन बघून सही करायची होती. संध्याकाळ झालेली, मेसची वेळ. पिनचा 'कट' असा आवाज आला, तो ऐकून मी सही केली. जोर देऊन हलवून बघितलं नाही. रुळाच्या भोकात माती घट्ट बसली होती आणि पिन अर्धीच आत गेली होती. दुसऱ्या दिवशी जमिनीवरच इंजिन चालवून बघताना साहेबांनी पेडल दाबलं, आणि सीट दोन खाचा मागे गेली. त्यांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "कॉर्पोरल, ये ऊपर होता तो?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी आजही देऊ शकत नाही. तेव्हापासून आवाजावर विश्वास ठेवायचं सोडलं. माझ्या हाताखालच्या पोरांना आजही सांगतो, सीट ऐकायची नसते, ढकलायची असते. आणि इंजिनाच्या कामाला जो मान आहे तोच सीटच्या रुळाला द्यायचा. इंजिनवाला स्वतःला मोठा समजतो, समजू दे. पण बंद पडलेलं इंजिन तरी वैमानिक घड्याळावर बघू शकतो. अर्धवट बसलेली पिन कुठल्याच घड्याळावर दिसत नाही.

आता भिडेबद्दल. तरुण अधिकारी नवा असतो, शेजारी बसलेले साहेब जुने असतात, इंजिन चालू करायची घाई असते. सीट आधीच्या माणसाच्या मापाची आहे. याला ती दोन खाचा वर हवी, पण साहेब वाट बघतायत. मग तो तसाच बसतो. किंवा बुटका म्हणून हसतील या भीतीनं सीट पूर्ण वर घेत नाही. हे मी बघितलंय, आणि हे फक्त वैमानिकांचं नाही. तीन टनी गाडीवर नवा ड्रायव्हर बसतो, आधीचा सहा फुटी जाट, हा साडेपाच फुटी मराठा. आरसा आकाश दाखवतोय, क्लच टोकाच्या बोटानं दाबतोय, पण "चलो चलो" म्हटलं की निघाला. माझं म्हणणं, हा दोष त्या पोराचा कमी आणि वरिष्ठांचा जास्त. ज्यानं वाट बघायची त्यानं आधी स्वतःची सीट सगळ्यांसमोर, सावकाश, मोठ्यानं बोलत लावावी. मग धाकट्याला लाज वाटत नाही. वीस सेकंदांचं काम आहे. वीस सेकंदांनी कुठलंच मिशन बुडत नाही.

उशीचा उपाय काही जण काढतात. मऊ, जाड उशी खाली घेतली की डोळा वर येतो, हे खरं. पण आपटल्यावर आधी उशी दबते, माणूस तेवढा खाली येतो, आणि सीट त्याला खालून जोरात मारते. मार मणक्याला बसतो. लढाऊ विमानाच्या इजेक्शन सीटवर तर अशी मऊ उशी म्हणजे पाठीचा सत्यानाश. म्हणून उशी हे उत्तर नव्हे. सीटचीच हालचाल पुरेशी हवी.

आणि इथं मी भाचीच्या दुसऱ्या प्रश्नावर येतो. तिनं विचारलं, "मामा, माझी उंची १६० आहे. चालेल ना?"

हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचला किमान उंची १६२.५ सेंटिमीटर लागते. शिवाय बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६, पायाची लांबी ९९ ते १२०, आणि मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४ सेंटिमीटर. गावाकडे पोरं या आकड्यांना अपमान समजतात. "मांडी लांब म्हणून काढलं, हा काय प्रकार?" असं मला कित्येकांनी विचारलंय. प्रकार असा, की इजेक्शन सीट रॉकेटवर वर जाते तेव्हा गुडघे समोरच्या पॅनेलला लागता कामा नयेत. लागले तर पाय तिथंच राहतात. बसल्यावरची उंची कमी असेल तर डोळा आय पॉइंटवर येत नाही, जास्त असेल तर डोकं छपराला लागतं. पाय आखूड असेल तर पेडल पूर्ण दाबलं जात नाही. हे आकडे पोराच्या लायकीचे नाहीत, यंत्राच्या मापाचे आहेत. मेडिकलला बाहेर पडलेल्या प्रत्येक पोराला हे कुणीतरी खुर्चीवर बसवून समजावून सांगायला हवं. "अनफिट" एवढा एकच शब्द घेऊन तो घरी जातो, आणि आयुष्यभर स्वतःला कमी समजतो.

पण यंत्राची मापं देवानं दिलेली नाहीत. ती कुणाची तरी आहेत. १९५० मध्ये अमेरिकन हवाई दलानं हजारो वैमानिक मोजले. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं त्यातले ४,०६३ जण घेतले, दहा मापं निवडली, आणि दहाही मापांत सरासरीच्या जवळ बसणारे किती ते शोधलं. एकही निघाला नाही. सरासरी माणसासाठी कॉकपिट बनवायचं म्हणजे कुणासाठीच बनवायचं नाही, हे तेव्हा कळलं. मोठ्या प्रवासी विमानांच्या अमेरिकन नियमात आज लिहिलेलं आहे, की ५ फूट २ इंच ते ६ फूट ३ इंच उंचीच्या माणसाला सगळी नियंत्रणं पूर्ण हलवता आली पाहिजेत. म्हणजे बंधन बनवणाऱ्यावर आहे. २०२० मध्ये अमेरिकन हवाई दलानं वैमानिकांसाठीची ६४ ते ७७ इंचांची सरसकट उंचीची अटही काढून टाकली, आणि माणूस कुठल्या विमानात बसतो ते मापं घेऊन ठरवायला घेतलं.

आपल्याकडे ३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या एनडीएतून पहिल्या १७ मुली पास होऊन बाहेर पडल्या. पुढच्या तुकड्या येत आहेत. आपण आता स्वतःची विमानं, स्वतःची हेलिकॉप्टरं बनवतोय. परदेशातून आणलेल्या यंत्राच्या मापाला आपला माणूस कापून बसवणं समजू शकतो, नाइलाज होता. पण जे आपण बनवू त्याची सीट आपल्या माणसांच्या मापाची हवी, आणि "आपली माणसं" म्हणताना त्यात पंजाबचा सहा फुटी गडी, मणिपूरचा ठेंगणा जवान आणि साताऱ्याची १६० सेंटिमीटरची पोरगी तिघंही धरलेले हवेत. सीटचा प्रवास चार खाचांनी वाढवणं हे काही चंद्रावर जाणं नव्हे.

बराकपूरला बसून हे लिहिताना एक गोष्ट डोक्यातून जात नाही. १८५७ च्या जानेवारीत इथून जवळच दमदमला नव्या एनफिल्ड रायफलीच्या काडतुसांची बातमी फुटली, आणि २९ मार्चला याच छावणीत मंगल पांडे यांनी बंदूक उचलली. कारणं पुष्कळ होती, इतिहास तज्ज्ञांनी सांगावा. पण काडतूस बनवणाऱ्यानं ते कुणाच्या तोंडात जाणार आहे हे विचारलं नव्हतं, एवढं नक्की. नंतर दातांऐवजी हातानं फाडायची कवायत आणली, तोवर विश्वास गेला होता. हत्यार ज्याच्या हातात द्यायचं त्याला आधी विचारावं, हा धडा या जागेनं महाग किमतीला शिकवलेला आहे.

आणि इथून जाणारी माणसं काय करतात, तेही लक्षात ठेवावं. २५ जून २०१३ ला उत्तराखंडच्या प्रलयात मदतीला गेलेलं बराकपूरचं मी-१७ व्ही-५ गौरीकुंडजवळ कोसळलं. वीस जण गेले. त्या अपघाताचा सीटशी संबंध जोडायचा नाही, तो माझा विषय नाही. पण अशा दऱ्यांत जाणाऱ्या माणसाला आपण जमिनीवर असताना जे जे नीट करून देऊ शकतो ते सगळं दिलंच पाहिजे. सीट त्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे.

भाचीला मी खोटं बोललो नाही. सांगितलं, आजच्या नियमात फ्लाइंगला १६० चालत नाही, आणि टाचा उचलून कुणी फसवू शकत नाही. पण टेक्निकल ब्रँचला मुलींसाठी १५२ पुरते. तिथं जा. उद्या एखादी सीट डिझाइन होताना, तपासताना, त्या टेबलावर १६० सेंटिमीटरचं कुणीतरी बसलेलं असू दे. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, मांडी कुठून कुठपर्यंत मोजायची?" आई शिवणकामाची फीत घेऊन शेजारी उभी होती म्हणे.

तुम्ही वाचकांनी एकच करा. उद्या गाडीत बसाल, ती काल मुलानं चालवलेली असेल किंवा जावयानं. किल्ली फिरवायच्या आधी सीट लावा, आरसा लावा, आणि जोर देऊन एकदा पुढेमागे हलवून बघा. मागून कुणी "चला, उशीर होतोय" म्हणालं, तर म्हणू द्या.

जय हिंद.